मातीत औषध शोधणारे सेलमन वॅक्समन



या खेपेच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी आम्हाला थोर माणसांची चरित्रे लिहायला सांगितली. कुणी सावित्रीबाईंवर लिहिलं, कुणी कर्मवीर भाऊराव पाटलांवर, कुणी क्रांतिसिंह नाना पाटलांवर. मी मात्र परदेशातल्या एका शास्त्रज्ञाची माहिती लिहिली आहे. त्यांचं नाव सेलमन वॅक्समन. त्यांना जाऊन पन्नास वर्षांहून जास्त झाली. नाव अवघड आहे, पण त्यांचं काम आपल्या ओळखीचं आहे, कारण त्यांनी जन्मभर मातीचा अभ्यास केला. मी त्यांनाच का निवडलं, ते आधी सांगते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. आमच्या शेतात आलं असतं. माझ्या मामाचं गाव सांगली जिल्ह्यात. त्याच्याकडे हळद असते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आलं आणि हळद ही दोन्ही पिकं जमिनीत वाढतात. म्हणून जमिनीत रोग असला की तो आधी कंदाला धरतो.

मी दुसरीत होते तेव्हा पावसाळ्यात आमच्या आल्याला कंदकूज लागली. आधी पानांचे शेंडे पिवळे पडले. मग खोड धरून जरा ओढलं की ते अलगद हातात यायचं. खाली कंद मऊ पडलेला असायचा आणि त्याला घाण वास यायचा. आप्पांनी पुष्कळ गड्डे उपटून शेताबाहेर लांब नेऊन टाकले. त्या वर्षी पैसे कमी आले म्हणून आमच्या म्हशीची रेडी विकावी लागली. तिचं नाव चंद्री होतं. ती टेम्पोत चढत नव्हती. मी घरात जाऊन रडले.

आणखी एक गोष्ट आहे. त्या पावसात आप्पांनी मला वाफ्याच्या कडेचा चर मोकळा करायला सांगितलं होतं. पालापाचोळा अडकून पाणी तुंबलं होतं. मी जिबली खेळत बसले आणि विसरले. म्हणून मला वाटायचं की आलं माझ्यामुळंच कुजलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. चौथीत जंतूंचा धडा चालू होता तेव्हा मी गुरुजींना विचारलं, की मातीतले सगळे जंतू मारून टाकता येतील का? का विचारतेस म्हणाले, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मला सांगितलं, की कंदकुजीची बुरशी मातीतच असते, पाणी साचलं की तिला जोर येतो. पण त्याच मातीत तिच्याशी झगडणारे जिवाणूही असतात, म्हणून सगळे मारून चालत नाहीत. मग त्यांनी वॅक्समन यांची माहिती सांगितली. तीच मी लिहीत आहे.

बालपण

सेलमन वॅक्समन यांचा जन्म २२ जुलै १८८८ रोजी नोव्हा प्रिलुका या लहान गावात झाला. हे गाव युक्रेन देशात आहे. तेव्हा तिथं रशियाच्या झारचं राज्य होतं. तिकडची जमीन काळी आणि फार सुपीक आहे, आपल्या कृष्णाकाठच्या मळईसारखी. आजूबाजूला गव्हाची शेतं होती. त्यांचे आईवडील ज्यू धर्माचे होते. वडील फार देवभक्त होते. आई कापडाचा लहानसा धंदा करून घर चालवायची.

सेलमन यांना एकच बहीण होती, पाठची. सेलमन सुमारे नऊ वर्षांचे असताना तिला घटसर्प झाला. घटसर्पात घसा धरतो आणि श्वास घेता येत नाही. या रोगावरचं औषध जगात निघालेलं होतं, पण त्या आडगावात ते वेळेवर मिळालं नाही. ती लहानगी गेली. मला पण धाकटी बहीण आहे, म्हणून हे ऐकताना मला कसंतरी झालं. आता आपल्याला लहानपणीच घटसर्पाची लस टोचतात.

त्या काळी रशियात ज्यू मुलांना कॉलेजात सहज प्रवेश मिळत नसे. सेलमन यांनी बाहेरून अभ्यास करून ओडेसा शहरात परीक्षा दिली आणि ते पास झाले. १९०९ साली त्यांची आई वारली. पुढच्या वर्षी, १९१० साली, ते बोटीने अमेरिकेला गेले.

शेतावर काम आणि शिक्षण

अमेरिकेत न्यू जर्सी नावाचं राज्य आहे. तिथं त्यांच्या नात्यातल्या लोकांचं शेत होतं. सेलमन त्या शेतावर राहिले आणि राबले. त्यांनी कोंबड्या सांभाळल्या, खत टाकलं. कोंबड्या लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

जवळच रटगर्स नावाचं कॉलेज होतं. तिथं जेकब लिपमन नावाचे प्राध्यापक मातीतल्या जिवाणूंचा अभ्यास शिकवत. ते सुद्धा रशियातून आलेले होते. सेलमन यांना डॉक्टर व्हायचं का शेती शिकायची असा प्रश्न होता. त्यांनी शेती घेतली. १९१५ साली ते पदवीधर झाले.

कॉलेजात असताना त्यांना एक काम दिलं होतं. कॉलेजच्या शेतात खड्डे खणायचे, वेगवेगळ्या खोलीवरची माती काढायची आणि तिच्यात किती आणि कोणते जीव आहेत ते मोजायचे. चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून माती पाण्यात खूप पातळ करतात आणि ते पाणी काचेच्या ताटलीत घट्ट केलेल्या खाण्यावर पसरतात. दोन-चार दिवसांत एकेका जिवाणूची वाढून एकेक टिकली होते. मग टिकल्या मोजायच्या.

या टिकल्यांत सेलमन यांना काही खडूच्या भुकटीसारख्या दिसल्या. ते जिवाणू बुरशीसारखे बारीक धागे काढत होते. त्यांना ॲक्टिनोमायसिटीज म्हणतात. हे नाव मी पाटीवर तीनदा लिहिलं तेव्हा जमलं. पण आपण त्यांना वासाने ओळखतो. वळवाचा पहिला पाऊस पडला की मातीचा जो गोड वास सुटतो, तो मुख्यतः हेच जिवाणू तयार करतात. सेलमन यांना हे जीव इतके आवडले की त्यांनी त्यांचाच अभ्यास करायचा ठरवलं. १९१८ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. मग ते रटगर्सलाच शिकवू लागले. १९२७ साली त्यांनी मातीतल्या सूक्ष्म जीवांवर मोठा ग्रंथ लिहिला.

मातीतलं भांडण

माती म्हणजे आपल्याला नुसतं ढेकूळ वाटतं. पण तिच्यात गावासारखी वस्ती असते. कुणी पालापाचोळा कुजवतं, कुणी हवेतला नत्र पिकाला देतं, कुणी पिकाला रोग आणतं. जागा आणि खाणं थोडं, खाणारे फार. म्हणून त्यांची भांडणं चालतात.

ही गोष्ट काही लोकांच्या आधीपासून लक्षात आली होती. १९२६ साली कॅनडातले शास्त्रज्ञ सॅनफर्ड बटाट्याच्या एका रोगाचा अभ्यास करत होते. त्या रोगात बटाट्याच्या सालीवर खरखरीत खवले येतात. हिरवळीचं खत जमिनीत गाडलं की रोग कमी होतो असं दिसलं होतं. सॅनफर्ड यांचं म्हणणं पडलं, की हिरवळीच्या खतामुळे दुसरे जिवाणू वाढतात आणि ते रोगाला दाबतात. आपल्याकडे ताग आणि धैंचा गाडतात, तसंच ते.

१९३२ साली वॅक्समन यांना एक प्रश्न तपासायला दिला गेला. क्षयाचे जंतू जमिनीत गेले तर त्यांचं काय होतं? त्यांच्या प्रयोगशाळेत तपासल्यावर दिसलं, की ते जंतू मातीत हळूहळू नाहीसे होतात. मातीतले दुसरे जीव त्यांना जगू देत नाहीत. १९३७ साली वॅक्समन यांनी जिवाणू एकमेकांना कसे मदत करतात आणि कसे मारतात, यावर लेख लिहिला.

मग १९३९ साली त्यांचे जुने विद्यार्थी रेने द्युबो यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून दुसऱ्या जंतूंना मारणारा पदार्थ काढला. त्याच सुमाराला युरोपात युद्ध सुरू झालं होतं. वॅक्समन यांनी ठरवलं, की आता मातीतच औषध शोधायचं.

औषध सापडलं

वॅक्समन आणि त्यांचे विद्यार्थी ठिकठिकाणची माती आणून हजारो जिवाणू वाढवून बघू लागले. एका ताटलीत रोगाचा जंतू वाढवायचा आणि शेजारी मातीतला जिवाणू ठेवायचा. मधे जर मोकळा पट्टा राहिला, तर समजायचं की मातीतल्या जिवाणूने काहीतरी सोडलं आणि रोगाच्या जंतूला अडवलं. अशा पदार्थांना अँटिबायोटिक हे नाव वॅक्समन यांनी रूढ केलं. मराठीत आपण प्रतिजैविक म्हणतो.

पहिलं औषध १९४० साली मिळालं, पण ते फार विषारी होतं. दुसरं १९४२ साली मिळालं, ते सुद्धा चाललं नाही. त्यांनी काम सोडलं नाही. १९४३ साली त्यांचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ याला हवा तसा जिवाणू मिळाला. तो दोन ठिकाणी मिळाला. एक, भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीत. दोन, एका कोंबडीच्या घशात. त्याच्यापासून जे औषध काढलं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिन. मेयो क्लिनिकच्या फेल्डमन आणि हिनशॉ यांनी ते आधी गिनीपिगवर आणि मग रोग्यांवर वापरून पाहिलं. क्षयाचे रोगी बरे होऊ लागले.

त्याच्या आधी क्षयावर नेमकं औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती आणि चांगलं खाणं एवढाच उपाय. मिरजेजवळ वानलेसवाडीला अशा रोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. माझ्या आज्जीच्या थोरल्या भावाला तरुणपणी क्षय झाला होता. आज्जी सांगते, त्याचं ताट आणि तांब्या वेगळा ठेवायचे. तो रोज सुई टोचून घ्यायला चालत जायचा. ती सुई स्ट्रेप्टोमायसिनची होती. तो बरा झाला आणि म्हातारा होऊन गेला. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथं पेनिसिलीन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागलं.

पण या औषधाने काही जणांच्या कानाला त्रास व्हायचा. आणि एकटंच दिलं तर जंतूंना त्याची सवय व्हायची. म्हणून ते दुसऱ्या औषधांबरोबर देऊ लागले. आता क्षयावर मुख्यतः गोळ्या देतात.

एक वाईट वाटण्यासारखी गोष्ट

औषध गाजलं तेव्हा सगळीकडे वॅक्समन यांचंच नाव झालं. शॅट्झ याचं नाव मागे पडलं. औषधाच्या पैशांचा मोठा भाग रटगर्सला जायचा आणि काही भाग वॅक्समन यांना मिळायचा. हे शॅट्झ याला माहीत नव्हतं. १९५० साली तो कोर्टात गेला. त्याच वर्षी तडजोड झाली आणि शोधात त्याचाही वाटा आहे हे मान्य करावं लागलं. तरी १९५२ साली नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना मिळालं. पुष्कळ वर्षांनी, १९९४ साली, रटगर्सने शॅट्झ यांना पदक देऊन मान दिला.

हे लिहू का नको, असं मी गुरुजींना विचारलं. थोर माणसाचं चरित्र आहे, वाईट कसं लिहायचं? गुरुजी म्हणाले, खरं आहे ते लिही. मला वाटतं, वॅक्समन मोठे होते. हजारो टिकल्या बघायची रीत त्यांनी घालून दिली. पण शॅट्झ यांचं नाव त्यांनी आपणहून पुढे करायला हवं होतं.

वॅक्समन यांनी मिळालेल्या पैशांतून संशोधनाला मदत केली. १९५४ साली रटगर्सला सूक्ष्म जीवांच्या अभ्यासाची मोठी संस्था उघडली. १६ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, ते वारले.

आपल्या शेतात

आता पालकांनी नीट वाचा. कंदकुजीसाठी आपण जी जिवाणूंची पावडर आणतो, ती वॅक्समन यांनी केलेली नाही. ती पुढच्या संशोधकांनी केली. पण एक जिवाणू दुसऱ्याला अडवतो, ही गोष्ट तीच. वॅक्समन यांनी जिवाणूपासून औषध काढून घेतलं. शेतात आपण जिवंत जिवाणूच जमिनीत सोडतो आणि त्याला तिथं कामाला लावतो.

या जिवाणूंत दोन नावं नेहमी येतात. एक स्यूडोमोनास फ्लोरेसन्स आणि दुसरा बॅसिलस सबटिलिस. ते मुळांवर राहतात. मुळातून जो गोड रस पाझरतो तो खातात. ते चार तऱ्हेने काम करतात.

१. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तशी ते मुळावरची जागा आधी धरतात. मागून आलेल्या बुरशीला जागा उरत नाही.

२. मातीतलं लोह ते ओढून घेतात, त्यामुळे बुरशीची उपासमार होते.

३. ते बुरशीला मारक असा पदार्थ सोडतात.

४. पीक सावध होतं आणि रोगाशी स्वतः झगडतं.

ट्रायकोडर्मा म्हणून पावडर मिळते, ती पण उपयोगी आहे. पण तो जिवाणू नाही, ती चांगली बुरशी आहे.

या वर्षी आप्पांनी निरोगी गड्ड्यांचंच बेणं निवडलं. पुडीवरच्या मापाने पावडर पाण्यात कालवली. बेणं त्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवलं. थोडी पावडर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळली, पोतं ओलं करून वर झाकलं आणि लागणीच्या वेळी ते खत वाफ्यात टाकलं. मुदत संपलेली पुडी घ्यायची नाही. पावडर उन्हात ठेवायची नाही. तिच्याबरोबर जंतू मारणारं रासायनिक औषध कालवायचं नाही, नाहीतर आपलेच जिवाणू मरतात. आणि हे सगळं रोग यायच्या आधी करायचं. कंद कुजल्यावर पावडर टाकून तो बरा होत नाही.

गुरुजींच्या सांगण्यावरून आप्पांनी दोन वाफे पावडरीशिवाय ठेवले. मी दर रविवारी पिवळे पडलेले गड्डे मोजून वहीत लिहिले. पावडरीच्या वाफ्यांतही काही गड्डे कुजले, पण त्या दोन वाफ्यांत जास्त कुजले. मी खूश झाले. गुरुजी म्हणाले, दोन वाफ्यांवरून आणि एका वर्षावरून काही ठरत नाही, पुढच्या वर्षी पण मोज. म्हणून मी वही जपून ठेवली आहे.

आणि चर? या पावसाळ्यात चर रोज मी मोकळा केला. कारण पाणी साचलं तर बुरशीला जोर येतो आणि चांगल्या जिवाणूंचं काही चालत नाही. गादीवाफा, निचरा, चांगलं बेणं आणि पिकाची पालट, हे सगळं पाहिजेच. नुसती पावडर पुरत नाही.

चर विसरल्याचं मी आप्पांना दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्या वर्षी बेणं पण रोगटच आलं होतं, आणि तू तर सात-आठ वर्षांची होतीस. त्यांनी मला वाफ्यात नेलं आणि एक गड्डा खणून हातात दिला. तो घट्ट होता. मी वास घेतला, तर नुसता आल्याचा आणि मातीचा वास आला.

मित्रांनो, जंतू म्हटलं की आपण नाक मुरडतो. हात साबणाने धुवायचेच, पाणी उकळून प्यायचंच. पण सगळे जंतू वाईट नसतात, हे वॅक्समन यांच्या चरित्रावरून मला समजलं. माझी वही कुणाला बघायची असली तर मधल्या सुट्टीत या. पुढच्या वर्षी आपल्या वर्गातल्या आणखी मुलांनी आपापल्या शेतात मोजलं तर फार बरं होईल.

इयत्ता चौथी